पृथ्वीबाई आणि खुर्चीबंदी

शाळेतल्या मुलांनी भूगोलाच्या बाईंचं नाव पृथ्वी ठेवलं होतं. नावं ठेवण्यात मुलं जितकी अचूक असतात तितकी उत्तरपत्रिकेत असती, तर शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागला असता. बाई गोल होत्या. उजव्या गुडघ्यामुळे चालताना किंचित एका बाजूला कलायच्या. आणि फळ्याकडून वर्गाकडे वळायला त्यांना इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मागच्या बाकावर दिवस मावळून पुन्हा उजाडलेला असायचा. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. गणिताच्या सरांना मुलांनी काय नाव ठेवलं होतं ते ऐकलेल्या माणसाला 'पृथ्वी' हा किताबच वाटला असता.

बाई शिक्षिका झाल्या त्या तीन महिन्यांसाठी. नकाशे काढणाऱ्या सरकारी कचेरीत त्यांना नोकरी हवी होती. अर्ज गेला होता, मुलाखत झाली होती, आणि उत्तर येईपर्यंत रिकामं कशाला बसा म्हणून एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेत त्या शाळेत आल्या. रजेवरच्या बाई परत आल्या नाहीत. कचेरीचं उत्तरही आलं नाही. त्या तीन महिन्यांना आता एकतीस वर्षं झाली होती. जगातली कुठली नदी कुठे वळते हे बाईंना तोंडपाठ होतं. स्वतः मात्र त्या घर ते शाळा आणि शाळा ते घर एवढ्याच पात्रातून वाहत राहिल्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, मुलगी लग्न होऊन दूर, घरी ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे दात गेले होते पण चावायची सवय राहिली होती.

बाईंच्या स्वभावात भांडण नव्हतं. चार शिक्षक तावातावाने बोलायला लागले की बाईंना एकदम तपासायच्या राहिलेल्या वह्या आठवायच्या. एकतीस वर्षांत पाच मुख्याध्यापक आले आणि गेले, पण एकाशीही त्यांचं वाजलं नाही. त्याचं रहस्य म्हणजे पाचांपैकी तिघांना त्या शाळेत आहेत हे नीटसं माहीतच नव्हतं.

सहावे मुख्याध्यापक आले ते बाईंचेच विद्यार्थी निघाले.

सव्वीस वर्षांपूर्वी ते आठवीच्या वर्गाचे मॉनिटर होते. तास सुरू व्हायच्या आधी बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायचं काम त्यांच्याकडे असे, आणि ते काम ते इतक्या निष्ठेने करत की एकदा त्यांनी स्वतःचंही नाव लिहिलं होतं. आता चाळिशी आली होती, कपाळ मागे सरकलं होतं, पण खडू कुणी हातातून काढून घेतला नव्हता. फळ्याच्या जागी फक्त परिपत्रक आलं होतं.

पहिल्या महिन्यात अकरा परिपत्रकं निघाली. पहिल्याने शिक्षकांच्या खोलीला 'सहकार्य केंद्र' असं नाव दिलं. दुसऱ्याने त्या केंद्रात आपापसांत बोलण्यावर मर्यादा घातली. तिसऱ्याने जाहीर केलं की शाळेत पारदर्शक कारभार चालेल आणि कोणाही शिक्षकाच्या लेखी शंकेला दोन दिवसांच्या आत लेखी उत्तर मिळेल. पुढची परिपत्रकं डस्टर, चपला आणि हसण्याचा आवाज यांविषयी होती. शिपाईकाका ती खोल्याखोल्यांतून फिरवून सह्या घ्यायचे. त्यांची सही घ्यायची मात्र कुणाला आठवण होत नसे, त्यामुळे शाळेत एकटे तेच माणसासारखे हसायचे.

मग चौदावं परिपत्रक आलं. त्याला शीर्षकच होतं: 'उभा शिक्षक, जागा वर्ग'. खुर्चीमुळे शिक्षकात शैथिल्य येतं, असं कुठल्याशा प्रशिक्षणात सिद्ध झालं होतं. सबब सर्व वर्गांतल्या शिक्षकांच्या खुर्च्या काढून घेण्यात येत आहेत. सोमवारी शाळा भरली तेव्हा बावीस वर्गांतल्या बावीस खुर्च्या जुन्या प्रयोगशाळेत एकमेकींच्या डोक्यावर पाय देऊन उभ्या होत्या आणि दाराला कुलूप होतं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत सहकार्य केंद्रात खरोखर सहकार्य झालं. सगळ्यात जास्त भडकले गणिताचे सर. त्यांचं आणि खुर्चीचं नातं फार जुनं आणि फार जवळचं होतं. 

"आज खुर्ची नेली, उद्या फळा नेतील, परवा आपल्याला नेतील!" ते गरजले. "गुलाम आहोत का आपण? मी सांगतो, लेखी निवेदन द्या. मी पुढे होतो. मी कुणाच्या बापाला भीत नाही."

"मग तुम्हीच न्या ना निवेदन," पीटीचे सर म्हणाले.

गणिताच्या सरांनी आवाज खाली आणला. "मी नेलं तर ते वैयक्तिक वाटेल," ते म्हणाले. "सगळ्यांना मान्य असा माणूस हवा."

असा माणूस शोधणं सोपं नव्हतं, कारण तिथे बसलेल्यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्या कुणाचा तरी विरोध होता. शेवटी कुणीतरी पृथ्वीबाईंचं नाव घेतलं. बाईंना कुणाचाच विरोध नव्हता. खुद्द बाईंचाही नव्हता, कारण त्या दिवशी सासूबाईंची कवळी बसवायला त्या रजेवर होत्या. निवड एकमताने झाली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा निवेदन तयार होतं. भाषेच्या बाईंनी ते लिहिलं होतं. त्यात तीन अलंकार होते आणि 'सविनय' हा शब्द सात वेळा. सह्या एकाखाली एक न करता गोलाकार केल्या होत्या, म्हणजे पहिला कोण हे कुणाला कळू नये. एकोणीस सह्यांचं छान फूल उमललं होतं. मधोमध थोडी जागा मोकळी होती.

"ती तुमची," गणिताचे सर प्रेमाने म्हणाले.

"मधे का?"

"तुम्ही ज्येष्ठ. शोभेल तुम्हाला."

बाईंनी सही केली. नाही म्हणायला जे लागतं ते त्यांच्याकडे कधीच नव्हतं, आणि गुडघाही खरोखर दुखत होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. एक त्यांची, गिरकी घेणारी, आणि तीन पाहुण्यांसाठी, गादीच्या.

"या बाई, बसा ना!" मुख्याध्यापक उठून उभे राहिले. संस्कार चांगले होते.

आता बाईंनी खरं तर बसायला नको होतं. एखादी बाणेदार बाई उभीच राहिली असती आणि म्हणाली असती की सर, परिपत्रकाप्रमाणे मी बसू शकत नाही. ते वाक्य बाईंना सुचलंही, पण रात्री जेवताना. त्या क्षणी तीन जिने चढून उतरलेल्या गुडघ्याला गादी दिसली आणि गुडघ्याने परस्पर निर्णय घेतला. बाई बसल्या आणि त्यांच्या तोंडून "आई गं, बरं वाटलं" असं निघून गेलं. निवेदनाची अर्धी धार तिथेच गेली.

मुख्याध्यापकांनी निवेदन वाचलं. "भाषा सुंदर आहे," ते म्हणाले. "बाई, तुम्ही मला शिकवलंय. तुमच्याविषयी मला काय आदर आहे हे तुम्हाला माहीत आहे. पण ही झुंडशाही झाली. प्रत्येकाची अडचण वेगळी असते. मी प्रत्येकाशी वन टू वन बोलतो. चहा घेणार?"

बाईंनी चहा घेतला. चहा बरा होता.

पुढच्या आठ दिवसांत शिक्षक एकेकटे त्या गादीच्या खुर्चीत बसून आले. आत काय बोलणं होई ते कळत नसे. बाहेर येणाऱ्याचा चेहरा मात्र नुकतंच लग्न ठरल्यासारखा लाजरा असे. भाषेच्या बाईंना शाळेच्या वार्षिक अंकाचं संपादकपद मिळालं. पीटीच्या सरांना नवी शिट्टी मिळाली. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मी असाही दिवसभर उभाच असतो, माझी सही मैत्रीखातर होती. गणिताचे सर सर्वांत जास्त वेळ आत होते. बाहेर आले ते वेळापत्रक-प्रमुख होऊन. वेळापत्रक हे बैठं काम असल्याने त्यांना माळ्याखालची एक छोटी खोली, टेबल आणि एक खुर्ची देण्यात आली.

"बाहेरून दगड मारण्यापेक्षा आत जाऊन व्यवस्था बदलायची असते," त्यांनी बाईंना समजावलं. "तुम्ही भूगोलवाल्या, तुम्हाला राजकारण नाही कळायचं."

निवेदन मुख्याध्यापकांच्या टेबलावर होतं. ज्याने त्याने आपापली सही खोडली होती. फुलाच्या सगळ्या पाकळ्या झडल्या आणि मधला ठिपका तेवढा राहिला.

त्या ठिपक्याला मुख्याध्यापकांनी सगळ्यात शेवटी बोलावलं. "आता तुम्ही एकट्याच उरलात बाई," ते सहानुभूतीने म्हणाले. "एक रेघ मारली की विषय संपला."

त्यांनी पेन पुढे केलं. बाईंनी ते हातात घेतलं. चांगलं पेन होतं. मग त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्या सांगते."

घरी त्यांनी सगळं सांगितलं. नवऱ्याने कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळता पिळता ऐकलं आणि नेहमीचं मत दिलं: "आपल्याला काय करायचंय? तीन वर्षं राहिलीत तुझी." 

सासूबाई नवी कवळी वाटीत काढून ठेवून बसल्या होत्या. त्यांनी ती तोंडात घातली. याचा अर्थ त्यांना स्पष्ट बोलायचं होतं.

"एकतीस वर्षं तू पोरांना उभं करतेस," त्या म्हणाल्या. "गृहपाठ नाही, राहा उभा. उत्तर येत नाही, राहा उभा. आता तुला एकानं उभं केलं तर केवढा गहजब!"

"आई, मी एक तास उभं करते. फार तर."

"त्यांचे पाय काय लोखंडाचे होते?"

बाईंना राग आला. सासूबाईंच्या बोलण्याचा राग येणं नवीन नव्हतं. पण या वेळचा राग भांडी घासून झाली तरी जाईना. त्यांना कोण कोण आठवायला लागलं. एक दम्याची मुलगी होती, एक नखं खाणारा मुलगा होता. उभ्या राहिलेल्या मुलाला कधी भूगोल आला होता का? आलेलं एकही मूल डोळ्यांपुढे येईना. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, "माझी सही राहू दे." 

"का बाई?"

"केली आहे म्हणून," बाई म्हणाल्या. याहून मोठं कारण त्यांना सुचलं नाही.

नवं वेळापत्रक लागलं. बाईंचे सगळे तास तिसऱ्या मजल्यावर गेले होते आणि रोजचे पाच सलग होते. गणिताच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, तांत्रिक अडचण आहे. ही तांत्रिक अडचण स्वतः माळ्याखालच्या खोलीत पाय लांब करून बसली होती.

आठवडाभर बाईंनी रेटलं. गुडघा संध्याकाळपर्यंत नारळाएवढा व्हायचा. आठव्या दिवशी चौथ्या तासाला, सातवीच्या वर्गात, त्या भिंतीवरचा जगाचा नकाशा काढायला गेल्या आणि गुडघ्याने सरळ राजीनामा दिला. बाई खाली बसल्या. पडल्या असं मुलं नंतर सांगायची, पण बाईंचं म्हणणं की बसल्या. त्यांच्याबरोबर नकाशाही खिळ्यातून सुटून खाली आला आणि फरशीवर पसरला.

वर्गात एकदम शांतता झाली. एवढी शांतता बाईंनी एकतीस वर्षांत छडी आपटूनही मिळवली नव्हती. 

"लागलं का बाई?" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"नाही गं. इकडे या सगळे. गोल बसा. नकाशावर पाय नका देऊ."

मुलं बाक सरकवून खाली उतरली. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "उत्तर दिशा कुठली?" आणि चाळीस बोटं नेहमीप्रमाणे छताकडे गेली. 

बाई बघतच राहिल्या. एकतीस वर्षं त्यांनी नकाशा भिंतीला टांगला होता आणि वरची बाजू उत्तर असं शिकवलं होतं. पाच-सहा हजार मुलं तरी त्यांच्या हाताखालून उत्तर म्हणजे आढं असं समजून गेली असणार. त्यातली काही आता स्वतः मोटारी चालवत असतील.

"सूर्य सकाळी कुठल्या खिडकीतून येतो?" त्यांनी विचारलं. मुलांनी खिडकी दाखवली. "मग ती पूर्व. आता नकाशा धरा आणि त्याची पूर्व त्या खिडकीकडे करा."

दहा-बारा हातांनी नकाशा फिरवला. उत्तर पाण्याच्या टाकीच्या बाजूला गेली. मग एक मुलगा उठून उभा राहिला, हात लांब करून दाराकडे पाहत म्हणाला, "म्हणजे असंच सरळ चालत राहिलो तर हा समुद्र येणार?" 

"येणार. वाटेत पीटीच्या सरांची खोली लागेल."

वर्ग हसला. घंटा झाली तरी कुणालाच तास संपल्याचं कळलं नाही. बाईंना उठवायला चार मुलं लागली, पण बाईंनी गुडघ्याला शिव्या दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक वर्गात आपणहून खाली बसायला लागल्या.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापक फेरीवर आले. दारावरच्या काचेतून त्यांना रिकामे बाक दिसले, रिकामं व्यासपीठ दिसलं, आणि शिक्षक तर नाहीच. त्यांनी वहीत वेळ टिपून घेतली आणि दार ढकललं तर चाळीस डोकी जमिनीवर आणि मधे पृथ्वी.

"बाई! हे काय?"

"सर, दक्षिण अमेरिका. जरा बाजूने या, तुमचा बूट त्यावर आहे."

मुख्याध्यापकांनी पाय उचलला. "तुम्ही बसलात?"

"परिपत्रकात खुर्चीवर बसू नये असं आहे," बाई म्हणाल्या. त्या मुद्दाम बोलल्या नव्हत्या. त्यांनी परिपत्रक खरोखर वाचलं होतं, आणि शाळेत ते पूर्ण वाचणाऱ्या त्या बहुधा एकट्याच. "जमिनीचा उल्लेख नाही त्यात. मी बघितलं."

एखाद्या शहाण्या माणसाने इथे हसून दार लोटलं असतं. पण मॉनिटरला फळ्यावर मोकळी जागा सहन होत नाही. त्याच संध्याकाळी सतरावं परिपत्रक निघालं: अध्यापनकाळात शिक्षकाने खुर्ची, बाक, टेबल, खिडकी, पायरी, जमीन अथवा तत्सम कोणत्याही पृष्ठभागावर बसू नये.

शिपाईकाकांनी ते सहकार्य केंद्रात मोठ्याने वाचून दाखवलं. 'तत्सम पृष्ठभाग' येईपर्यंत त्यांचा आवाज टिकला, मग फुटला. आधी भाषेच्या बाई हसल्या. मग सगळेच. हसण्याच्या आवाजाविषयी एक परिपत्रक होतं, ते कुणाला आठवलं नाही.

"अहो पण मला खरंच शंका आहे," पीटीचे सर डोळे पुसत म्हणाले. "मी पोरांना चटईवर बसून आसनं दाखवतो. चटई तत्सम पृष्ठभागात येते का?"

"विचारा की," पृथ्वीबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "लेखी विचारा. तीन नंबरचं परिपत्रक आहे. दोन दिवसांत उत्तर देतात."

खोलीत जे झालं त्याला बंड म्हणणं अतिशयोक्ती होईल. बंड करण्याची त्या लोकांची छाती नव्हती, हे आठ दिवसांत सिद्ध झालं होतं. पण शंका विचारणं ही वेगळी गोष्ट. शंकेत नम्रता असते. शंका विचारल्याबद्दल कुणाची वेतनवाढ अडल्याचं उदाहरण नाही. 

पीटीच्या सरांनी चटईची शंका विचारली. भाषेच्या बाईंनी विचारलं की धड्यातला राजा सिंहासनावर बसतो, तो प्रसंग अभिनयाने शिकवताना काय करावं. शास्त्राच्या बाईंना सूक्ष्मदर्शकात उभ्याने वाकून पाहिल्यास कंबर बसते. कंबरेचं बसणं नियमात येतं का? संगीताच्या सरांची पेटी जमिनीवर होती आणि उभ्याने त्यांचे हात तिथवर पोचत नव्हते. एकाने विचारलं की मनात एखादी गोष्ट बसली तर चालेल का. पहिल्या दोन दिवसांत एकतीस शंका आल्या, पुढच्या दोन दिवसांत छप्पन्न. प्रत्येकीच्या शेवटी 'सविनय'.

मुख्याध्यापक नियमाचे पक्के होते. त्यांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. चटईला सशर्त परवानगी मिळाली. सिंहासनाला मिळाली नाही. राजाने उभ्याने राज्य करावं असं ठरलं. पण एका उत्तरातून दोन शंका उगवायच्या. शाळा सुटल्यावरही त्यांच्या खोलीत दिवा दिसायला लागला. ते स्वतः दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसून, शिक्षकांनी का बसू नये हे लिहीत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांची पाठ धरली.

एका सोमवारी शाळा भरली तर खुर्च्या वर्गावर्गांत परत आल्या होत्या. अठराव्या परिपत्रकात लिहिलं होतं की शिक्षकांच्या आरोग्याचा साकल्याने विचार करून मुख्याध्यापकांनी स्वतःहून हा दूरदर्शी निर्णय घेतला आहे. गणिताचे सर माळ्याखालून बाहेर आले आणि सगळ्यांशी हात मिळवत फिरले. "सांगितलं होतं ना, मी आतून प्रयत्न करतोय!" त्यांनी विजयाप्रीत्यर्थ चहाही मागवला. पृथ्वीबाईंना कप मिळाला नाही, कारण त्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. वेळापत्रक तेवढं बदलायचं राहून गेलं होतं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात, शाळा सुटल्यावर, बाई सातवीच्या वर्गात नकाशा गुंडाळत असताना मुख्याध्यापक आत आले. पाठीला पट्टा बांधलेला होता. बसावं की नाही असा त्यांना क्षणभर प्रश्न पडला, मग ते एका बाकावर टेकले. बाकावर त्यांचे गुडघे मावेनात.

"बाई, खुर्च्या काढल्या ते तुमच्यासाठी नव्हतं," ते म्हणाले.

"मग कुणासाठी?"

मुख्याध्यापकांनी दाराकडे पाहिलं. "आम्ही नववीत होतो. गणिताला हेच सर होते. घंटा झाली की यायचे, खुर्चीत बसायचे आणि मान टाकायचे. वर्षभर. मी फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचो आणि वर्ग गप्प ठेवायचो, म्हणजे त्यांची झोप मोडू नये. मला घरी काकांनी गणित शिकवलं म्हणून मी सुटलो. माझ्या बाकावरचे दोघे नापास झाले. एकाने शाळाच सोडली. मी इथे आलो तेव्हा पहिल्याच फेरीत बघितलं, सर त्याच खुर्चीत, तसेच."

बाई नकाशा हातात धरून उभ्या राहिल्या. गणिताचे सर झोपतात हे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, जसं नळाला पाणी येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या तासाला शेजारच्या वर्गात बाई स्वतः आवाज हळू करायच्या.

"मग त्यांनाच का नाही सांगितलंत?" 

त्यांनी पाठीचा पट्टा सारखा केला. 

"ते माझे सर आहेत," मुख्याध्यापक म्हणाले. "एकट्याला सांगायचा धीर झाला नाही. म्हणून सगळ्यांना सांगितलं."

बाईंना हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. बावीस खुर्च्या, अठरा परिपत्रकं, आपला गुडघा आणि या मुलाची पाठ, सगळं एका माणसाची झोप मोडायची हिंमत झाली नाही म्हणून. आणि या खात्यात आपणही काही मागे नाही, हेही त्यांना कळलं. पंचवीस वर्षं त्यांनीही आवाज हळूच ठेवला होता.

"उद्या तिसऱ्या तासाला त्यांचा नववीवर तास आहे," त्या म्हणाल्या. "माझा तास मी पीटीच्या सरांना देते. मी येते बरोबर."

"तुम्ही काय करणार?"

"काही नाही. उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी तिसरा तास सुरू होऊन पंधरा मिनिटं झाल्यावर दोघे नववीच्या दाराशी पोचले. आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. फळ्यावर बोलणाऱ्या चार मुलांची नावं होती. गणिताचे सर नुकत्याच परत मिळालेल्या खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, व्यवस्था आतून बदलत होते. 

मुख्याध्यापकांचा हात दारावर गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो हात खाली आला असता, असं त्यांना वाटलं. त्या समोर फळ्याकडे बघत राहिल्या.

मुख्याध्यापक आत गेले, खुर्चीजवळ थांबले आणि म्हणाले, "सर, उठा."

सरांनी डोळे उघडले, आधी मुख्याध्यापकांकडे आणि मग दारातल्या बाईंकडे पाहिलं.

"मी आकडेमोड करत होतो," ते म्हणाले.

"करा. फळ्यावर करा. मुलांनाही बघू दे." आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर जाऊन बसले. पुढचे पाच दिवस रोज तिसऱ्या तासाला ते त्याच बाकावर येऊन बसले. त्याबद्दल कुठलंही परिपत्रक निघालं नाही.

गणिताचे सर सहा महिन्यांनी निवृत्त झाले. त्या सहा महिन्यांत त्यांनी नववीची आठ प्रकरणं शिकवली. मुलांचं म्हणणं की माणूस जागा असला की बरं शिकवतो, आणि याचा राग यावा की कौतुक वाटावं ते कुणाला ठरवता आलं नाही. बाईंनी पाठीत सुरा खुपसला असं ते भेटेल त्याला सांगत, बाई सोडून. बाईंशी त्यांनी बोलणंच टाकलं. समोरून आले की मान फिरवायचे, चहाच्या वेळी पाठ करून बसायचे, आणि वेळापत्रकाची एकही अडचण समजावून सांगायला येत नसत. 

नोकरीतले सगळ्यात सुखाचे सहा महिने कोणते असं पुढे मुलीने फोनवर विचारलं, तेव्हा बाईंना क्षणभरही आठवावं लागलं नाही.